विजयाला दिलेला काना

आमच्या घरात भाकरी करपलेली चालायची, दूध उतू गेलेलं चालायचं, पण अक्षर चुकलेलं चालायचं नाही. अप्पा ताडकळसचे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, ट्रकच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, देवळाच्या कमानीवरची देणगीदारांची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. गावात जो कुणी वाचायला शिकला तो माझ्या अक्षरावर शिकला, असं ते सांगायचे आणि ते फारसं खोटं नव्हतं. लहानपणी पूर्णेला एका उस्तादाच्या हाताखाली त्यांनी आधी उर्दू पाट्या रंगवल्या होत्या, मग जमाना बदलला तशी मराठी. त्यामुळे अक्षराला ते ‘हरफ’च म्हणत. “हरफ म्हंजी इज्जत हाय सुमे,” असं दिवसातून एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. मी पुढे तीस-पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली, हजारो पोरांच्या वह्या तपासल्या. हे वाक्य मी त्यांना कधी ऐकवलं नाही. ज्या अक्षराने आमची इज्जत जायची वेळ आली ते माझ्याच हातचं होतं, म्हणून जीभ रेटायची नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे आम्ही. मधे दार होतं, पण टर्पेंटाइनच्या वासाला ते ठाऊक नव्हतं. पिठल्याला टर्पेंटाइनचा वास, अंबाडीच्या भाजीला टर्पेंटाइनचा वास, माझ्या वेणीला टर्पेंटाइनचा आणि करडईच्या तेलाचा मिळून एक तिसराच वास. पहाटे मेंढरं रानात निघाली की त्यांच्या गळ्यातल्या घंटा आमच्या दारावरून जायच्या. त्यापाठोपाठ मायच्या भाकरीचा थप्-थप् आवाज, आणि त्या तालावर अप्पांचं घसा खाकरणं. मायच्या दोन शेळ्या होत्या. त्यांना कागद फार आवडायचा. माझ्या कितीतरी चित्रांचं पोटापुढे काही चाललं नाही. “शेळीनं खाल्लं म्हंजी चांगलं असंल,” असं माय म्हणायची. पुढे मला जे परीक्षक भेटले त्यातल्या काहींपेक्षा ती शेळी परवडली.

अप्पांचं अक्षर मोत्यासारखं, पण माणसाचं तोंड त्यांना काढता यायचं नाही. त्यांचे राम आणि रावण सख्खे भाऊ दिसायचे. एकदा त्यांनी देवळाच्या भिंतीवर मारुती काढला तर म्हाताऱ्या बायका ‘हा कोण पाहुणा’ म्हणून विचारायला लागल्या. मला मात्र तोंडं जमायची, कशी ते मला ठाऊक नाही. मी आठवी-नववीत असल्यापासून आमच्यात वाटणी झाली होती, हरफ अप्पांचे आणि तोंडं माझी. गावाला हे माहीत नव्हतं. गावाच्या लेखी सगळं पेंटरच काढायचे, आणि मी फक्त ब्रश धुवायची.

दहावी झाले त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक औरंगाबादेची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेची. आमच्या चित्रकलेच्या सरांनी तिथल्या चित्रकला शाळेचा फॉर्म आणून दिला होता. दुसरी वाट पूर्णेची. तिथे रेल्वेत लागलेला एक मुलगा होता आणि त्याच्याकडची माणसं मला बघायला यायची म्हणत होती. मायला पूर्णा पसंत होती. “रेल्वेतलं स्थळ हाय. पास मिळतो,” एवढ्या एका मुद्द्यावर तिने माझं सगळं आयुष्य ठरवून टाकलं होतं. अप्पा मधल्यामधे. त्यांना मला पाठवायचं होतं, पण आमच्या आळीतली एकही मुलगी तोवर एकटी शहरात राहिलेली नव्हती आणि गावाच्या तोंडाला ते भ्यायचे. “मालकानं एक शब्द टाकला तर गाव गप बसंल,” असं ते म्हणाले. आणि मालकांचा शब्द मिळवायची संधी, बघा कशी, एका फाटक्या पुस्तकातून चालत आली.

मालक म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. त्यांना आडनावाने कुणी हाक मारायचं नाही, नुसतं ‘मालक’. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाच्या पोरीने कुठे जावं, मेंढरं कुणाच्या रानात बसवावीत, या सगळ्याचा निकाल त्यांच्या ओट्यावर लागायचा. त्या वर्षी ते सोसायटीची निवडणूक जिंकले होते, लाल रंगाचा नवा ट्रॅक्टर आणला होता आणि नवा बंगला बांधून होत आला होता. ट्रॅक्टरचा नंबर रंगवून घ्यायला ते स्वतः दुकानात आले. तिथे बाकावर ते पुस्तक पडलेलं होतं. सरांनी ते रद्दीतून आणून मला दिलेलं, परदेशातल्या जुन्या चित्रांचं, अर्धी पानं गेलेली. उघडं पडलं होतं ते पान एका राजाचं. राजा ढगांत रथावर बसलेला, डोक्यामागे सूर्य, भोवती हवेत तरंगणाऱ्या धष्टपुष्ट बायका. एक त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतेय, एक शिंग फुंकतेय, एकीच्या हातात डहाळी. वर पंख फुटलेली गुबगुबीत उघडी पोरं. आणि रथाच्या चाकाखाली केसांत साप असलेली एक हडकुळी बाई जीभ काढून पडलेली.

मालक त्या पानाकडे किती तरी वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “पेंटर, ह्या बाया कोण?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला सरांनी समजावलं होतं ते मी सांगितलं. त्या खऱ्या बायका नाहीत. ते राजाचे गुण आहेत. एक कीर्ती, एक शांती, एक विजय. तिकडे गुण दाखवायचा असला की बाई काढतात. खाली पडलेली ती मत्सर. राजा तेवढा खरा, बाकी सगळं रूपक.

आतून मायचा आवाज आला. “म्हंजी गुनबी बाईच आन् अवगुनबी बाईच? मग बाप्ये काय करत्यात?”

“ते मधे बसतात,” मी म्हणाले.

मालकांना हे फार पटलं. बंगल्याच्या हॉलची मोठी भिंत रिकामी होती आणि वास्तुशांतीला पंधरा दिवस होते. “ह्या राजाच्या जागी मला घाला,” त्यांनी फर्मावलं. अप्पा चाचरत म्हणाले, “मालक, ह्यो रथात बसलाय.” मालक म्हणाले, “मग मला ट्रॅक्टरवर बसवा. नवा आणलाय कशाला?” मोबदल्याचं विचारलं तेव्हा अप्पांनी हात जोडले आणि पोरीला शिकायला पाठवायचंय, तुमचा शब्द पाहिजे, असं सांगून टाकलं. मालकांनी मिशीवरून हात फिरवला. “चित्र मनासारखं झालं तर पोरगी जाईल, गावाला मी बघतो. न्हाई झालं तर पूर्णेचं स्थळ चांगलंच हाय. उरकून टाका.” हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. माझं पुढचं सगळं आता ढगात ट्रॅक्टर कसा दिसतो यावर लटकलं होतं.

पुढे औरंगाबादेच्या ग्रंथालयात मी अशी कितीतरी चित्रं धडपणे, रंगीत छापलेली पाहिली. तिकडच्या राजांनी असले चित्रकार पदरी बाळगले होते. न लढलेली लढाई जिंकलेली दाखवायची, देवांना राजाच्या ओट्यावर आणून बसवायचं, आणि सगळे स्वर्गातले कपडे घालून असताना राजाचं नाक तेवढं अगदी त्याचंच काढायचं, म्हणजे लोकांना शंका नको. वर्गातल्या पोरी वहीत टिपणं घेत होत्या आणि मला आमच्या मालकांचा ट्रॅक्टर आठवून हसू आवरत नव्हतं. हल्ली गावाकडे गेले की चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात. मधे साहेब, मागे किरणं, शेजारी वाघ, वर ढगात दिवंगत वडील आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी. मला त्यात नवं काही दिसत नाही. एवढंच, की आता गुणांच्या जागी कार्यकर्ते आलेत.

तर आम्ही कामाला लागलो. दुकानातल्या पाट्या बाहेर काढून तिथे फ्रेम ठोकली, मांजरपाट ताणला, पांढरा हात मारला. ट्रॅक्टर अप्पांनी काढला आणि काय सुरेख काढला, एकेक नट जागच्या जागी. ढग दोघांनी मिळून. बायकांना आम्ही नऊवारी नेसवली, कारण पुस्तकातल्या बायकांच्या अंगावर वस्त्र थोडं आणि वारा फार होता. हवेतली उघडी पोरं पाहून माय म्हणाली, “लेकराला सर्दी हुईल,” म्हणून त्यांना नाडीच्या चड्ड्या घातल्या. शांतीच्या हातातली डहाळी कसली ते आम्हाला कळलं नाही, तेव्हा कडुनिंबाची दिली. चाकाखालच्या मत्सराला आपल्या चुलतभावाचं तोंड द्यावं असं मालकांनी हळूच सुचवलं होतं. अप्पांनी कानाला हात लावला. “भावबंद उद्या एक हुतील, आन् मधे मी मरंन.” म्हणून मत्सराला आम्ही पाठमोरं केलं. नुसते केसांतले साप आणि तळपाय.

तोंडं माझी. मालक दोन दिवस येऊन समोर बसले, हलायचं नाही म्हटलं तर श्वासही घेईनात. गाल थोडे कमी केले, मिशी थोडी जास्त. कीर्ती, शांती, विजय या तिघींना मी कुणाचीच तोंडं दिली नाहीत. गावातली कुठली बाई त्यात दिसली तर काय होईल, एवढी अक्कल सोळाव्या वर्षीही मला होती. माझ्या अकलेला खिंडार पडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

शेवटच्या दिवशी अप्पा चौकटीची पट्टी आणायला परभणीला गेले. जाताना सांगून गेले, “तिघींच्या खाली नावं घाल. लोकाला कळलं पायजे कोन काय हाय ते. कीर्ती, शांती, विजय. हरफ सरळ आले पायजेत.” हरफ घालायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. कीर्ती छान आली. शांती त्याहून छान आली. मग मी ‘विजय’ लिहिलं आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं. हिरव्या नऊवारीतली, नाकात नथ, मालकांच्या डोक्यावर फेटा ठेवणारी देखणी बाई, आणि खाली ‘विजय’. आमच्या वर्गात दोन विजय होते. एक सारखा नाक पुसायचा. मला ते बघवेना. बाई आहे तर नाव बाईचं पाहिजे, व्याकरणाला काही धरबंद आहे की नाही? मी ब्रश बुडवला आणि ‘य’ला एक काना दिला.

अप्पा संध्याकाळी आले. कंदील जवळ धरून त्यांनी नावं तपासली. खरं तर त्यांनी ती वाचली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पेंटर माणूस शब्द वाचत नाही, अक्षर बघतो. रेघेची जाडी बघितली, वेलांटीचं वळण बघितलं, आणि त्या शेवटच्या कान्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा कसा आलाय बग. ओळंब्यात. असा काना माज्या उस्तादालाबी जमला नसता.” उभ्या आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वास्तुशांतीला अख्खा गाव जेवायला होता. पुऱ्या, वरणभात, वांग्याची भाजी आणि बुंदी. होमाचा धूर निघून गेल्यावर मालकांनी हॉलमधल्या चित्रावरचं धोतर ओढलं. एकदम कालवा झाला. ट्रॅक्टर फारच आवडला. मालक ढगात हसरे दिसत होते आणि ढगाबाहेर त्याहून हसरे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ‘काय लिव्हलंय, काय लिव्हलंय’ करायला लागले, तेव्हा तलाठी भाऊसाहेब पुढे झाले आणि एकेका बाईवर बोट ठेवत, सात-बारा वाचावा तशा आवाजात वाचू लागले. “कीर्ती. शांती.” तेवढ्यात बाजारात माळवं विकणारी म्हातारी शांताबाई गर्दीतून पुढे घुसली. “आगं बया! मालकानं मला ढगात नेली की!” मग चित्राजवळ तोंड नेऊन तिने नीट निरखलं आणि आपलं बोळकं दाखवत म्हणाली, “पर माज्या तोंडात दात न्हाईत, आन् हातात लिंबाची काडी कामून देली?” सगळा हॉल हसला. मीही हसले. माझं ते शेवटचं निर्धास्त हसणं.

“विजया,” भाऊसाहेबांनी वाचलं.

मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या. हिरवी पैठणी, कपाळाला मोठं कुंकू, कमी बोलणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. चित्रातल्या हिरव्या साडीकडे बघत त्यांनी सहज विचारलं, “ही विजया कोन?”

उत्तर द्यायला अप्पा तोंड उघडणार, तोच मालकांनी त्यांचा दंड धरला आणि ओढत कोपऱ्यात नेलं. चेहरा पांढराफटक. ते कुजबुजले. पण नवा बंगला, कोऱ्या भिंती, हॉलमध्ये सतरंजीशिवाय सामान नाही. तिथे कुजबुजही घुमत होती. सगळ्या गावाला स्वच्छ ऐकू आलं.

“पेंटर, गंगाखेडचं तुला कुणी सांगितलं?”

अप्पांना गंगाखेडचं काहीच माहीत नव्हतं. मला नव्हतं, गावालाही नव्हतं. मालक आठवड्यातून दोनदा कामाला म्हणून गंगाखेडला जात, यापलीकडे कुणी विचार केला नव्हता. आता सगळ्यांनी एकदमच केला.

“गंगाखेडचं काय?” मालकीणबाईंनी विचारलं.

मालक चित्रासारखे उभे. मालकीणबाईंनी एकवार चित्राकडे बघितलं, एकवार त्यांच्याकडे, मग पदर खोचला आणि “पानं वाढा, लोक खोळंबलेत,” म्हणत आत गेल्या. स्वतः बुंदी वाढायला आल्या. प्रत्येकाला विचारून, आग्रह करून. माझ्या पानाशी त्या थोडं थांबल्या आणि दोन डाव जास्त वाढले. ती बुंदी मी तशीच पानात ठेवली.

घरी आल्यावर अप्पा भिंतीला टेकून बसले. “विजय म्हणलं होतं मी. विजय! काना कुठनं आला?”

“बाई आहे ना चित्रात,” मी म्हणाले.

“गुन हाय त्यो! बाई न्हाई!” ते ओरडले, आणि मग एकदम गळाठले. “मालकाला वाटंल मीच मुद्दाम केलं. आता ह्या गावात कोन मला पाटी देतंय?” माय शेळ्यांना पाला टाकत होती. “कान्यानं काय वाईट केलं? होतं तेच लिव्हलं की,” असं ती शेळ्यांना उद्देशून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पूर्णेवाल्यांना रविवारचं यायला सांगू का?” औरंगाबाद संपलं होतं. मी मनातल्या मनात त्या नाक पुसणाऱ्या विजयची माफी मागितली आणि पांघरुणात तोंड घालून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बंगल्यावरून बोलावणं आलं. पेंटरला नाही, पोरीला, रंग घेऊन. अप्पा सोबत निघाले तर गड्याने त्यांना ओट्यावरच बसवलं. ओट्यावर मालकही बसले होते. दोघे एकमेकांकडे न बघता समोरचा ट्रॅक्टर बघत राहिले.

आत हॉलमध्ये मालकीणबाई चित्रासमोर पाटावर बसल्या होत्या. “त्वा लिव्हलंस?”

“व्हय.”

“जाणून?”

मी सगळं सांगितलं. पुस्तक, राजा, गुणांच्या बायका करायची तिकडची रीत, विजय पुल्लिंगी, साडी स्त्रीलिंगी, म्हणून काना. बोलता बोलता माझा आवाज रडका झाला. त्या ऐकत होत्या, मधेच भुवया आवळत होत्या.

“थांब. म्हंजी ही बाई नव्हंच?”

“नाही. गुण आहे.”

“आन् गंगाखेडची?”

“ती... ती मला ठाऊक नाही, बाई.”

त्यांनी आधी ओठ दाबले. मग खांदे हलायला लागले. मग त्या अशा हसल्या, की पाटावरून खाली फरशीवर बसल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या आणि पुन्हा हसल्या. “जी बाई नव्हती तिनं जी हाय ती धरून देली गं! आन् ह्यांच्या तोंडानं!” ओट्यावर खुर्ची करकरली. हसता हसता त्या थांबल्या, पण डोळे पुसायचं थांबलं नाही. मला काय करावं समजेना, म्हणून मी शेजारी जाऊन बसले. गावातली सगळ्यात मोठी बाई माझ्या खांद्याला धरून रडत होती आणि मला तिची फार फार माया आली.

“पुस ते नाव,” त्या शेवटी म्हणाल्या. “आन् तोंड माजं काड. ह्यांच्या डोक्यावर फेटा कुनी ठेवला ते तरी खरं असू दे.”

चार दिवस त्या माझ्यासमोर बसल्या. हलू नका म्हटलं तर हलायच्या, बोलायच्या, मधेच उठून मला धपाटे आणि दही आणायच्या. माहेर त्यांचं गोदाकाठचं, म्हणून बापाने नाव गोदा ठेवलं होतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. “मला काय वाचता येत हुतं? कुनीतरी वाचून सांगितलं, आजपासून तू सुलोचना. मी म्हणलं, बरं. तवापासून गोदी म्हणून हाक मारनारं एकेक मानूस मरत गेलं.” मग त्यांनी विचारलं, “ह्या बाईच्या खाली माजं जुनं नाव घालता येतंय का?” मी ब्रश उचलला तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. “मी घालते. तू नुसता हात धर.” त्यांच्या मुठीवर मूठ ठेवून आम्ही ‘गोदा’ लिहिलं. ‘गो’ खाली घसरला, ‘दा’ वर गेला. आपल्या हातचं पहिलं अक्षर त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“आता तुजं बोल. तुला काय पायजे?”

मी सांगितलं.

“आन् त्यो पूर्णेचा पोरगा?”

“रेल्वेत आहे म्हणतात.”

“रेल्वे रोज जाती, रोज येती. तिची कशाला काळजी?” त्यांनी ओट्याच्या दिशेने तोंड केलं आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, “ऐकलं का हो? पेंटरची पोरगी शिकायला जायलीय. गावाला सांगा.”

मालकांनी त्याच दिवशी सांगितलं. इतकं सांगितलं, की मारुतीच्या पारावर, सोसायटीत, बाजारात जो भेटेल त्याला ते माझ्या शिक्षणाबद्दल ऐकवू लागले. पूर्णेवाल्यांना त्यांनीच निरोप धाडला. मायने पासासाठी दोन दिवस हळहळ केली आणि मग माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. अप्पांचं दुःख वेगळंच होतं. चित्र बघायला गेले तर दोन नावं ओळंब्यातली आणि तिसरं ते वाकडंतिकडं. त्यांचा हात आपोआप खिशातल्या ब्रशकडे गेला. “पेंटर, त्याला हात लावायचा न्हाई,” दारातून मालकीणबाई म्हणाल्या. कुणी लिहिलं ते अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी ते माझ्याच नावावर धरलं आणि मरेपर्यंत मला त्याबद्दल टोचत राहिले. मी सांगितलं नाही. काही हरफांची इज्जत न सांगण्यात असते.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला बंगल्यावर गेले तेव्हा परभणीहून पाहुणे आले होते. मालक काठीने चित्र समजावून सांगत होते. एव्हाना त्यांना रूपकाची चांगलीच गोडी लागली होती.

“ही कीर्ती. ही शांती. म्हंजी बाया न्हाईत ह्या, गुन हाईत. आन् ही...” काठी फेटा ठेवणाऱ्या बाईवर थांबली. तोंड मालकीणबाईंचं होतं, पण मी नाकी-डोळी जरा देवपण आणलं होतं. ते पाहुण्यांच्या ध्यानात आलं नाही. मालकांच्या आलं होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. बायकोचं माहेरचं नाव ते खरंच विसरले होते, की आठवत असून बोलत नव्हते, तेही नाही.

“ही आपली गोदामाय. नदी. तिचा आशीर्वाद हाय म्हून तर समदं हाय.”

पाहुण्यांनी गोदामायला हात जोडले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने तर चपला काढल्या. मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन त्याच वेळी आत आल्या, आणि ज्यांनी नुकतेच त्यांना हात जोडले होते त्यांना एकेक कप देत पुढे सरकल्या.

“आन् ही पोरगी,” मालकांनी काठी माझ्याकडे वळवली. “हिला उद्या औरंगाबादला मीच धाडायलोय. माजाच हट्ट. म्हणलं, शिकू द्या.”

“व्हय तर,” मालकीणबाई म्हणाल्या. “समदं तेच करत्यात.”

मी पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खाली वाकल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, “जा, पोरी. आन् दारातनं मागं वळून बघू नको. हसू यील.”